उलार गाडी

मी ड्रायव्हिंग शिकवते आणि मी भित्री आहे. नाशिकला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना हे सांगितलं की त्या हसतात. त्यांना वाटतं, मॅडम आपला धीर वाढवायला बोलतायत. खरं सांगायचं तर गाडीचं मला जितकं कळत गेलं तितकी माझी भीती वाढत गेली. न कळणारा माणूस घाटात गाणी म्हणतो. मला वळणावर कुठल्या चाकावर किती भार आला ते कळतं, आणि मग गाणं सुचत नाही.

तर अशा बाईने आईला घेऊन बालाघाटला जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे आईने ठरवायला लावलं.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून तिची उजवी बाजू गेली आहे आणि बोलणं तुटक झालं आहे. गंमत अशी, की नाशिकमध्ये अर्धं आयुष्य काढून कमावलेली तिची भाषा त्या झटक्यात गेली आणि लहानपणची, बालाघाटकडची, परत आली. ती मला ‘तुला’ऐवजी ‘तुले’ म्हणू लागली. एक दिवस म्हणाली, “मले कुसुमले पाहाचं हाय.” कुसुम ही तिची धाकटी बहीण, माझी मावशी. ती बालाघाटच्याही पुढे, घाट चढून गेल्यावर वरच्या पठारावरच्या गावात असते. दोघींची भेट होऊन बरीच वर्षं झाली होती. रेल्वेत चढवणं-उतरवणं आईला झेपणारं नव्हतं. राहिली माझी गाडी.

माझी गाडी म्हणजे शिकवण्याची गाडी. छोटी, पांढरी, पुढे-मागे लाल रंगात मोठा ‘एल’, आणि शेजारच्या सीटपुढे, पायाशी, माझ्यासाठी जादा क्लच-ब्रेक. तो ‘एल’ काढायचा राहून गेला, त्यामुळे नाशिक ते नागपूर सगळे ट्रकवाले मला सांभाळून घेत होते.

बालाघाट

नागपूर सोडून भंडारा-तुमसरकडून गेलं की महाराष्ट्र कधी संपला ते कळत नाही. शेतं तीच, धानाच्या गंज्या त्याच. फक्त दुकानांच्या पाट्या हिंदीत बोलू लागतात. वैनगंगेच्या पुलावर आईने काच खाली करायला लावली आणि चांगला हात बाहेर काढून वारा घेतला. मी ओरडले, “आई, हात आत!” तिने ऐकलं नाही. माहेरच्या नदीवर लेक काय ऐकणार कुणाचं?

वसंतमामा आईचे धाकटे भाऊ. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, घर बालाघाटात, शेती रामपायलीकडे. अंगाने चांगले भरदार. मामांची नातवंडं आपसात हिंदीत भांडतात आणि आजोबांना उत्तर देताना मराठीत ‘हौ’ म्हणतात, तेवढीच त्यांची मराठी. मामींनी लाखोळीची डाळ केली होती आणि चिन्नोरचा नवा भात. हा तांदूळ बारीक, आणि शिजू लागला की वास थेट ओसरीपर्यंत. मामींनी विचारलं, “डाळीवर सांबार टाकू काय वं?” मी म्हटलं, डाळीवर सांबार कशाला? सगळं घर हसलं. तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. आई सगळ्यात जास्त हसली, अर्ध्या तोंडाने.

मामांच्या अंगणात त्यांची जुनी जीप उभी होती. मामा तिच्याबद्दल मुलाबद्दल बोलावं तसं बोलतात. “पावसाळ्यात चिखलात फसली ना, तं मी काय करतो? मागं दोन पोते टाकतो. मागं वजन पडलं का चाक धरते. कोणतीबी गाडी असो, हाच इलाज.”

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी म्हटलं, “मामा, जीपला इंजिन पुढे असलं तरी जोर मागच्या चाकांना जातो. मागची चाकं ढकलतात, म्हणून मागे वजन हवं. माझ्या गाडीत इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. इंजिनाचं ओझं त्याच चाकांवर बसलेलं असतं, म्हणून ती जमीन धरतात. मागे फार भरलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी ऐकत नाही.”

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमच्या तिकडं तसं असंल.”

भाचीने मामाशी किती वाद घालायचा याला मर्यादा असते. मी आणखी भात वाढून घेतला.

घाटात

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मामाही यायला निघाले, बहिणीकडे जायला त्यांना निमित्त लागत नाही. आईला मागच्या सीटवर मधोमध बसवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि पट्टा बांधला. मामा पुढे माझ्या शेजारी. मी त्यांना दोनदा बजावलं, “पायाखाली ब्रेक आहे, पाय लावू नका.” ते म्हणाले, “मी काय लहान लेकरू हाय?”

गावाबाहेर पडताच मला स्टिअरिंग वेगळं लागलं. हलकं. शिकाऊ माणसाला हलकं स्टिअरिंग म्हणजे चैन वाटते. मला घाम फुटतो. पुढची चाकं रस्त्यावर नुसती टेकली आहेत, असा त्याचा अर्थ. मी म्हटलं, “मामा, डिकीत काय आहे?”

“काही नाही वं. कुसुमचा वानोळा.”

त्यांच्या घरात रीत अशी, की नवा तांदूळ विकायला काढण्याआधी भावाने बहिणीच्या घरी पोहोचवायचा. आणि वानोळा कधी विचारून देत नाहीत. विचारलं तर समोरचा ‘नको’ म्हणणार, म्हणून तो गुपचूप ठेवायचा. मामांनी पहाटे, मी आईची वेणी घालत असताना, डिकीत मावतील तेवढी पोती ठासली होती. मी म्हटलं, “मामा, थोडी उतरवून ठेवूया, परत येताना...” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं वाक्य गिळलं. भावाने बहिणीसाठी काढलेला तांदूळ अर्ध्या वाटेतून परत न्यायचा? मी गाडी पुढे हाकली.

घाट सुरू झाला. दोन्हीकडे जंगल, बांबूची बेटं, रस्त्यावर माकडं. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, आपल्या सह्याद्रीतल्या घाटांसारखा हा घाट छाती दडपून टाकत नाही. दरी झाडांनी झाकलेली असते. पण मला न दिसणारी दरी जास्त छळते, कारण दिसणारी निदान किती आहे ते कळतं. प्रत्येक वळणावर गाडीचं नाक मी वळवलं त्यापेक्षा कमी वळत होतं आणि बाहेरच्या बाजूला जाऊ पाहत होतं. मी दात आवळून, अगदी हळू, प्रत्येक वळण घेतलं. मामा जंगलाची माहिती सांगत होते. मी एक शब्द ऐकला नाही.

अर्ध्या घाटात पुलियाचं, म्हणजे छोट्या पुलाचं, काम चाललं होतं. मोठा रस्ता बंद करून बाजूने खाली नाल्यात उतरणारी आणि पलीकडे चढणारी कच्ची वाट काढली होती. मुरूम टाकून रोलर फिरवला होता, आणि मुरूम बसावा म्हणून टँकर त्यावर नुकताच पाणी मारून गेला होता. उतरताना काही झालं नाही. पलीकडचा चढ तीव्र होता, लाल आणि ओला. डाव्या हाताला कठडा नव्हता. खाली नाल्यातले मोठाले दगड दिसत होते.

मी पहिल्या गिअरमध्ये, न थांबता चढ घेतला. अशा ठिकाणी थांबायचं नसतं, वेग तुटला की संपलं. निम्म्यात आलो आणि गाडी खाडकन थांबली. मी ब्रेक लावला नव्हता. शेजारी पाहिलं तर मामांचे दोन्ही पाय माझ्या जादा ब्रेकवर दाबलेले आणि डोळे नाल्याकडे.

“मामा, पाय!”

“पाय आपोआप गेला वं,” मामा म्हणाले. जन्मभर जीप चालवलेल्या माणसाचा पाय, तो जाणारच.

मी परत उचलायचा प्रयत्न केला. पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, मुरमाचा चिखल उडाला, गाडी तसूभर हलली नाही. आणि मामांना एकदम हुरूप आला. “चाक घसरून राह्यलं! मागं वजन पाह्यजे. थांब, मी मागं बसतो.”

“नाही मामा! उलट होईल! उतरू नका!”

ते उतरले होते. माझं काहीही न ऐकता मागचं दार उघडून, उशी सरकवून, आईशेजारी धप्पकन बसले.

गाडीने पुढून मान उचलली. हे मला शरीरात कळलं, बसल्या जागी. आणि मग गाडी मागे सरकू लागली. माझा पाय ब्रेकवर होता, पूर्ण दाबलेला. चाकं थांबलेली होती आणि गाडी चालली होती. ब्रेकचा बहुतेक जोर पुढच्या चाकांना मिळतो, आणि पुढे आता भारच नव्हता. थांबलेली पुढची चाकं ओल्या मुरमावरून पाटावरून साबण जावा तशी घसरत होती. नाक डावीकडे, नाल्याकडे फिरायला लागलं. मी स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं, काही उपयोग झाला नाही.

त्या क्षणी मला एकच गोष्ट दिसत होती. मी उडी मारू शकते. मामा उडी मारू शकतात. आई पट्ट्यात बांधलेली आहे आणि तिला स्वतःचा पायसुद्धा उचलता येत नाही. तिला मी बांधलं होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि पुन्हा वाटू नये.

हातानेच काम केलं. हँडब्रेक खेचला, दोन्ही हातांनी. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. आणि मागे मामा होते, आई होती, आणि कुसुममावशीचा तांदूळ होता. मागच्या चाकांनी मुरमात दात रोवले. गाडी करकरत थांबली, नाक नाल्याकडे तिरपं.

“पाह्य!” मागून मामांचा आवाज आला, कापरा पण विजयी. “वजनानंच थांबवली का नाही?”

मला रडू आलं आणि रागही आला, कारण ते खरं होतं. मी एका श्वासात सगळं बोलू लागले, इंजिन पुढे, चाकं पुढची, भार मागे, मामा तुम्ही समजून का घेत नाही. मामा म्हणत राहिले, “पण थांबली ना? थांबली ना?” आमच्या दोघांच्या आवाजात आईचा आवाज मला आधी ऐकूच आला नाही. ती परत परत एकच शब्द बोलत होती.

“उलार. वसंता, उलार झाली.”

मामांनी मागे वळून डिकीकडे पाहिलं.

बैलगाडीत ओझं मागे जास्त भरलं तर गाडी मागे कलते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. मग बैल ओढणार कशाने? अशा गाडीला उलार म्हणतात. चढावर गाडी उलार झाली की बैलांच्या गळ्यातलं जुंपण आवळतं आणि ते गुदमरतात. हे मामांना कुणी शिकवायची गरज नव्हती. माझं इंजिन आणि माझी चाकं त्यांच्या डोक्यावरून गेली होती. माझ्या गाडीचे बैल पुढे आहेत, एवढंच मला म्हणायचं होतं, आणि ते मला म्हणता आलं नव्हतं.

“अरे माय,” मामा म्हणाले. “उलार भरली मी.” आणि लगेच दार उघडून डिकीकडे धावले. “काढतो पोते!”

“हात लावू नका!” मी इतक्या जोरात किंचाळले, की वरून रस्त्याचे मजूर धावत आले. आता त्या तांदळावरच गाडी थांबली होती. तो काढला असता तर मागच्या चाकांची पकडही गेली असती.

“मैडम, हैंडब्रेक मत छोड़ना!” एक मजूर ओरडला. “पत्थर लगाओ रे!” चारी चाकांमागे मोठे दगड बसले. मी हँडब्रेक हातात धरूनच होते, दगड लागल्यावरही. मग पोती उतरली. मग एकेक दगड सरकवत, चार माणसं पुढून धरून, गाडी बोटाबोटाने मागे नाल्याच्या सपाटीवर आली. त्यात किती वेळ गेला ते मला माहीत नाही.

उलटा चढ

मी म्हटलं, परत जाऊ. मामाही म्हणाले, परत जाऊ. आई म्हणाली, “वर.”

मग मजूर म्हणाले, माताजींना आम्ही उचलून वर नेतो, तुम्ही रिकामी गाडी आणा. मला ते पटलं. मी पट्टा सोडायला गेले, तर आईने चांगल्या हाताने सीट घट्ट धरली. “मी काय पोतं हाय?”

मी समजावलं, मामांनी समजावलं. तिने मान फिरवली. झटका आल्यापासून तिला रोज कुणी ना कुणी उचलतं, आंघोळीला, खुर्चीवर, बिछान्यावर. बहिणीच्या दारात तरी तिला बसून जायचं होतं. हे ती बोलली नाही, पण मी तिची मुलगी आहे.

तेव्हा मी गाडी फिरवली. चढावर भार नेहमी खालच्या बाजूला जातो. म्हणून ओढणारी चाकं खालच्या बाजूला हवीत. माझी गाडी सरळ चढणार नव्हती, पण उलटी चढेल. निम्मी पोती पुढच्या सीटवर आणि तिच्या पायाशी, जादा ब्रेक मोकळा ठेवून, घातली, उरलेली मजुरांनी डोक्यावर घेतली. “उलटी नेतं काय वं?” मामा म्हणाले. मी म्हटलं, “बैल खाली जुंपते.” ते चढ चढून वर गेले आणि हातवारे करायला उभे राहिले.

रिव्हर्समध्ये गाडी नेताना मी शिकाऊ बायकांना सांगते, आरशावर विसंबू नका, मान पूर्ण मागे वळवा. मी मान मागे वळवली. मागच्या काचेच्या मध्ये आईचं डोकं होतं. तिला वाकता येत नव्हतं, बाजूला होता येत नव्हतं. तिच्या एका कानाजवळून मला मामांचा हात दिसत होता आणि दुसऱ्या कानाजवळून थोडा मुरूम. बाकी सगळं आईचं तोंड.

गाडी उचलली. पुढची चाकं एकदा घसरली आणि मग त्यांनी जमीन धरली. स्टिअरिंग जड झालं, ते जडपण किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. पण रिव्हर्समध्ये स्टिअरिंगचा जरासा फरकही गाडीला भलतीकडे नेतो, आणि नाला आता माझ्या उजव्या खांद्यामागे होता, मला न दिसणारा. आई माझ्याकडे पाहत होती. तिच्या तोंडावर मला काही भीती दिसली नाही. ती नुसती पाहत होती, एकटक, माझ्या चेहऱ्यावर काहीतरी लिहिलेलं वाचावं तशी. आणि आम्ही वर आलो.

मजुरांनी टाळ्या वाजवल्या. ‘एल’ लावलेली गाडी उलटी घाट चढली, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं असणार.

मावशीकडे

दोघी बहिणींच्या भेटीबद्दल मी लिहिणार नाही. मावशीने आईच्या गेलेल्या हाताला तेल लावलं, आम्ही राहिलो ते दोन्ही दिवस, सारखं. मावशीची सून शाळेत शिकवते, मुलगा घरीच शेती पाहतो. आईला त्यांनी उन्हात खाटेवर बसवून ठेवलं. वानोळ्याचा भात झाला. मामांनी घाटाची गोष्ट येईल त्याला सांगितली. प्रत्येक वेळी गाडी थोडी जास्त घसरत गेली आणि मामा थोडे जास्त शूर होत गेले. एका गोष्टीत मात्र ते प्रामाणिक राहिले. “उलार मी भरलती,” असं ते दर वेळी सांगत.

निघायच्या सकाळी मी आईची पिशवी भरायला घेतली. तिने पिशवी धरून ठेवली.

“मी नाही येत.”

मला वाटलं, तिला घाटाची भीती बसली. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. उतरताना भार पुढे येतो, आई. इंजिन पुढे, भार पुढे, चाकं पुढची. उतारावर ही गाडी जमीन सोडत नाही. डिकी रिकामी आहे. चढापेक्षा उतार कितीतरी सोपा. तिने सगळं ऐकलं, माझ्या वर्गातल्या कुठल्याही बाईपेक्षा लक्ष देऊन.

“तू सांगतं ते बरोबरच असंल,” ती म्हणाली. एकेक शब्द शोधत. “मले भेव नाही लागलं. पण तुहं तोंड पाह्यलं मी. साऱ्या चढावर. तसं तोंड मले पुन्हा पाहाचं नाही.”

मावशी म्हणाली, उन्हाळ्यापर्यंत राहू दे, आम्ही आहोत. मी भांडले, रडले. आईने माझा हात धरून ठेवला आणि हो म्हणाली नाही. मामा नंतर बसने येणार म्हणाले. माझ्या गाडीची हौस फिटली असावी.

मी एकटी उतरले. पुलियाजवळचा मुरूम सुकला होता. गाडी सांगितल्यासारखी, शहाण्या बैलासारखी उतरली. घाबरण्यासारखं काही नव्हतं, तरी शेवटच्या वळणापर्यंत मी दुसरा गिअर सोडला नाही. खाली सपाटीवर फोनला रेंज आली तशी मी गाडी बाजूला घेतली आणि मावशीला फोन लावला. दुपार कलली होती. मावशीने उचलला, पण काही बोलायच्या आत आईचा आवाज आला, जवळूनच, फोनच्या शेजारीच ती बसून असावी.

“उतरली काय?”

“उतरले, आई.”

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला, आणि आई माझ्याशी नाही, बहिणीशी बोलली.

“वाढ वं कुसुमे आता. पोरगी उतरली.”